परदेशी नाट्यमंडळीसोबत झाडीपट्टीत काम करताना

आमच्या वडशाकडे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर लागतो अन् होळीपर्यंत चालतो. हे पहिल्याच ईमेलात कळवा. हंगामात आपला नट रात्रभर रंगमंचावर असतो, त्याला सरावाला बोलावणं अन्याय आहे. एकत्र सराव धानाची रोवणी आटोपल्यावर ठेवा. पाहुण्यांना मात्र आधीच्या हंगामात एकदा बोलवा अन् शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, गावी पहाटेपर्यंत पूर्ण नाटक पाहू द्या. नुसत्या व्हिडिओवर विसंबलेल्यांना आपला प्रेक्षक कधीच कळत नाही.

ऑनलाइन बैठकीची वेळ नीट ठरवा. जर्मनी हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन.

परदेशी पाहुणे घरी उतरले तर २४ तासांच्या आत त्यांची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवा; या अर्जाला आधी सी फॉर्म म्हणत.

पैशाबाबत फार जपा. परदेशी अनुदानासाठी २०१० च्या विदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीकृत संस्थेनं ते अनुदान पुढे दुसऱ्या संस्थेला देणंही २०२० च्या दुरुस्तीनं बंद झालं. आपलं मंडळ लहान असेल तर पाहुण्यांच्या प्रवासाचा, कलावंतांचा खर्च त्यांनीच थेट करावा, हे मला सोयीचं वाटतं.

करार मराठीतही लिहून घ्या, सगळ्यांसमोर वाचा. दंडारीची, म्हणजे आपल्या लोकनाट्याची, चाल त्यांच्या प्रयोगात गेली तर श्रेय कोणत्या गावाला, कोणत्या शाहिराला? चित्रीकरण कुठं दाखवणार, त्याचं मानधन किती? ढोलकीवाल्याचं नावही पत्रिकेत हवं. यावर अडून बसा, बाप्पा. हे ठरल्याशिवाय सही करू नका.