सारखा दिसणारा शब्द: एक की दोन, हे शोधायचं कसं

जर्मनीत ‘राटनगिफ्ट’ मागितलं तर उंदीर मारायचं औषध मिळतं. स्वीडनमध्ये एखादी बाई ‘मी गिफ्ट आहे’ म्हणाली तर तिचं लग्न झालेलं असतं. हॉलंडमध्ये संस्थेला दिलेली देणगी म्हणजे गिफ्ट, आणि इंग्रजीतलं गिफ्ट तर आपल्याकडे वाढदिवसाला घरोघरी पोचलेलं आहे. उच्चार थोडे इकडे-तिकडे होतात, पण रोमन लिपीत लिहिलं की चारही देशांत तीच चार अक्षरं.

मी पुण्यात जर्मन शिकवते. अलीकडे माझ्याकडे नर्सिंग झालेल्या मुली जास्त येतात. जर्मनची बी-टू या पातळीची परीक्षा देऊन त्यांना तिकडच्या रुग्णालयात रुजू व्हायचं असतं. बहुतेकींच्या वहीच्या मागच्या पानावर फसव्या शब्दांची यादी असते. एका रकान्यात शब्द, दुसऱ्यात अर्थ. अशी यादी पाठ होते आणि परीक्षा संपली की विसरते, कारण अर्थ असा का झाला हे तिच्यात कुठेच नसतं. म्हणून मी यादी बंद करायला लावते आणि एकेका शब्दाचा माग काढायला शिकवते. ती रीत इथे सांगते. जर्मन येत नसलं तरी ती वापरता येईल.

पहिला प्रश्न नेहमी हाच विचारा: हा एक शब्द आहे, की दोन निरनिराळे शब्द योगायोगानं सारखे झालेत?

इटालियनमध्ये ‘बुर्रो’ म्हणजे लोणी. स्पॅनिशमध्ये ‘बुर्रो’ म्हणजे गाढव. स्पेलिंग तंतोतंत एक. इथे नातं जुळवायच्या आधी दोघांचे भाऊबंद गोळा करा. इटालियन बुर्रोच्या शेजारी फ्रेंच ‘बर’ आहे, इंग्रजी ‘बटर’ आहे. मागे गेलं की लॅटिन ‘बुटीरुम’ आणि त्यामागे ग्रीक ‘बूटीरोन’. स्पॅनिश बुर्रोच्या शेजारी ‘बोर्रिको’ आहे, त्याचाही अर्थ गाढव, आणि मागे उत्तरकालीन लॅटिनमधला ‘बुर्रिकुस’, म्हणजे लहान चणीचा घोडा. दोन्ही गोतावळे कुठेही एकमेकांना भेटत नाहीत. म्हणजे शब्द दोन. अर्थांची सांगड घालत बसायचं काम तिथेच संपलं.

‘बोग’ या तीन अक्षरांची गोष्ट याहून सुंदर आहे. डॅनिशमध्ये ते पुस्तक: स्वीडिश ‘बूक’, जर्मन ‘बूख’, इंग्रजी ‘बुक’ हे त्याचे सख्खे. इंग्रजीत ‘बॉग’ म्हणजे दलदल, आणि तो शब्द आयरिशमधून आला. तिथे त्याचा मूळ अर्थ मऊ, लिबलिबीत. रशियनमध्ये आणि क्रोएशियनमध्ये ‘बोग’ म्हणजे देव. क्रोएशियातल्या झाग्रेब शहरात रस्त्यात भेटलेला माणूस नुसतं ‘बोग’ म्हणतो, आपण रामराम म्हणतो तसंच. हा तिसरा बोग आपल्या ओळखीचा आहे. संस्कृतातला ‘भग’, वाटा देणारा देव, आणि त्यावरून आलेले भाग, भाग्य, भगवंत हे त्याच घराण्यातले. रशियनमध्ये श्रीमंताला ‘बोगाती’ म्हणतात, त्यात तो वाटा अजून शाबूत आहे.

दुसरी पायरी ध्वनींची. नुसत्या दिसण्यावर विश्वास ठेवू नका. एका भाषेतला ध्वनी दुसरीत नियमानं काय होतो ते बघा. यासाठी हाताशी असलेला उत्तम शब्द म्हणजे आपली ‘चावी’. ती पोर्तुगीज ‘शाव’वरून आली, आणि पोर्तुगीज शब्द लॅटिन ‘क्लाविस’वरून. त्याच क्लाविसची इटालियनमध्ये ‘कियावे’ झाली, स्पॅनिशमध्ये ‘यावे’, फ्रेंचमध्ये ‘क्ले’. एका शब्दावरून नियम ठरत नाही, म्हणून दुसरा घ्या. लॅटिन ‘प्लुविया’ म्हणजे पाऊस: इटालियन ‘प्योज्जा’, स्पॅनिश ‘युविया’, पोर्तुगीज ‘शूवा’, फ्रेंच ‘प्ल्वी’. तिसरा, ‘फ्लाम्मा’ म्हणजे ज्वाला: ‘फियाम्मा’, ‘यामा’, ‘शामा’, ‘फ्लाम’. आता नियम दिसला. शब्दाच्या सुरुवातीच्या क्ल, प्ल, फ्ल या जोड्या फ्रेंचनं जपल्या, इटालियननं त्यातल्या ‘ल’चा ‘य’ केला, आणि स्पॅनिश व पोर्तुगीजनं अख्खी जोडीच वितळवली. पोर्तुगीज लोक सोळाव्या शतकात गोव्यात आले तेव्हा त्यांच्या तोंडी या जागी ‘श’ नव्हता, ‘च’च होता. लिस्बनमध्ये तो पुढे मऊ झाला. आपल्या चावीत जुना ‘च’ राहिला.

हा नियम हाती आला की स्पॅनिश ‘यामा’ लगेच उलगडतो. त्याचे तीन अर्थ आहेत: ज्वाला, ‘तो हाक मारतो’ आणि दक्षिण अमेरिकेतला लोकरीचा प्राणी. ज्वाला आली ‘फ्लाम्मा’तून, हाक ‘क्लामात’मधून, आणि प्राण्याचं नाव आलं अँडीज पर्वतातल्या केचुआ भाषेतून. तीन वाटांनी आलेले तीन शब्द आज एकाच स्पेलिंगमध्ये राहतात.

आता गिफ्ट. यावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ देते, कारण माग काढायची प्रत्येक युक्ती इथे लागते.

आधी ध्वनी. इंग्रजीतला ‘त’ (म्हणजे टी हे अक्षर) जर्मनमध्ये सहसा बदलतो: ‘टेन’ची ‘त्सेन’ होते, ‘वॉटर’चं ‘वासर’ होतं. मग गिफ्टमधला ‘त’ का टिकला? कारण फ, ख, स यांच्या मागोमाग येणारा ‘त’ या बदलातून सुटतो. ‘नाइट’–‘नाख्ट’, ‘स्टोन’–‘श्टाइन’ यांतही तो तसाच आहे. म्हणजे जर्मन आणि इंग्रजी गिफ्ट एकाच घराण्यातले असायला नियमाची आडकाठी नाही. पण इंग्रजीतला ‘ग’ खटकायला हवा. ‘इ’, ‘ए’सारख्या स्वरांआधीचा जुना ‘ग’ इंग्रजीत ‘य’ झाला: जर्मन ‘गेल्ब’ तिथे ‘यलो’, ‘गेस्टर्न’ तिथे ‘यस्टरडे’. या हिशेबानं इंग्रजीत ‘यिफ्ट’ असायला हवं होतं, आणि एके काळी तसं होतंही. ठसठशीत ‘ग’ आला तो इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या व्हायकिंग लोकांच्या बोलीतून. एका व्यंजनात अख्खं स्थलांतर सापडतं, म्हणून उच्चाराकडे दुर्लक्ष करू नका.

शब्द एकच आहे हे ठरलं, की तिसरा प्रश्न: मधला अर्थ कोणता? अर्थ एका टोकाहून दुसऱ्या टोकाला उडी मारत नाही. ‘भेट’ आणि ‘विष’ यांच्यामध्ये काहीतरी असणारच. इथे मूळ अर्थ अगदी साधा आहे: देणं, दिलेली वस्तू. इंग्रजी ‘गिव्ह’, जर्मन ‘गेबन’ याच धातूचे.

त्यातून लग्नाचा अर्थ कसा निघाला हे मराठी माणसाला समजवावं लागत नाही. ‘थोरलीला साताऱ्याला दिलीय’ असं आपल्या घरांत अजून म्हणतात. कन्यादानात तेच दान आहे. स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन ‘गिफ्ट’ म्हणजे ‘दिलेली’, आणि जुन्या इंग्रजीतही हा शब्द वधूमूल्यासाठी वापरत. आज स्वीडिशमध्ये नवराही गिफ्ट असतो. मुलगी ‘देण्याची’ कल्पना गेली, शब्द दोघांना सारखा लागू झाला. मला हे फार बरं वाटतं.

विषाची वाट वैद्यांच्या घरातून जाते. ग्रीक ‘दोसिस’ म्हणजे देणं. आपल्या ‘दान’चा आणि त्याचा धातू एकच. वैद्यकात त्याचा अर्थ झाला एका वेळी द्यायची मात्रा, म्हणजेच डोस. जर्मन भाषकांनी त्याला आपला ‘देणं’ हा शब्द लावला: गिफ्ट. मग प्राणघातक मात्रेलाही, थेट नाव न घेता, ‘दिलेलं’ म्हणू लागले. हळूहळू सौम्य अर्थ झिजला आणि कडू तेवढा उरला. आपल्याकडच्या बातमीत ‘औषध प्राशन केलं’ असं येतं तेव्हा ते औषध कीटकनाशक असतं, हे वाचणाऱ्याला न सांगता कळतं. भाषा अशा वेळी नाव घेणं टाळते, आणि टाळलेल्या नावाचा अर्थ आडोशाच्या शब्दाला चिकटतो.

चौथा प्रश्न मुली विसरतात: रिकामी झालेली जागा कुणी घेतली? जर्मन गिफ्ट विषाकडे गेलं तेव्हा भेटवस्तूला ‘गेशेंक’ आणि ‘गाब’ उरले. गेशेंकचा धातू ‘शेंकन’, त्याचा जुना अर्थ पेय ओतून देणं. डचांनी मात्र दोन्ही अर्थ ठेवले आणि रूपं वाटून घेतली: ‘गिफ्ट’ देणगीला, शेवटचा ‘त’ गळालेलं ‘गिफ’ विषाला. जर्मनमध्येही जुना अर्थ एका कोपऱ्यात टिकला आहे: ‘मिटगिफ्ट’ म्हणजे हुंडा. लिंगही बघा. विष हे ‘दास गिफ्ट’, नपुंसकलिंगी; हुंडा ‘दी मिटगिफ्ट’, स्त्रीलिंगी, जुन्या ‘देणं’ शब्दासारखा. म्हणून शब्द उतरवून घेताना लिंगासकट आणि वाक्यासकट उतरवा.

मधला अर्थ हुडकायचा सराव स्लाव्ह भाषांत छान होतो. चेकमध्ये ‘चेरस्त्वी’ पाव म्हणजे ताजा. रशियनमध्ये ‘च्योर्स्त्वी’ पाव म्हणजे शिळा. दोघांच्या मुळाशी ‘घट्ट, कणखर’. आपला ‘कडक’ आठवा: कडक झालेला पाव कुणाला नको असतो, कडक चहा सगळ्यांना हवा. किंवा ‘पोझोर’ घ्या. चेक पाट्यांवर त्याचा अर्थ ‘लक्ष द्या’, रशियनमध्ये ‘बेअब्रू’, आणि त्यावरूनच झालेला सर्बियन ‘पोझोरिश्ते’ म्हणजे नाट्यगृह. धातू ‘बघणं’ या अर्थाचा. बघा, म्हणजे सावध व्हा. लोक बघतात तो खेळ. चारचौघांनी बघावं अशी फजिती. नाटक आणि बेअब्रू एकत्र कशी, असं वाटलं तर ‘भर रस्त्यात तमाशा झाला’ हे वाक्य म्हणून बघा.

नर्सच्या कामातला शब्द घेऊ. जर्मन रुग्णालयात ‘आम्बुलान्त्स’ अशी पाटी असते. तिथे गाडी शोधू नका. तो बाह्यरुग्ण विभाग आहे. रुग्णाला आणणारी गाडी बहुधा ‘रेटुंग्सवागन’. मूळ लॅटिन ‘आम्बुलारे’, चालणं. फ्रेंचांनी सैन्याबरोबर फिरणाऱ्या इस्पितळाला ‘आंब्युलांस’ म्हटलं. इंग्रजीनं एकोणिसाव्या शतकात, क्रिमियन युद्धाच्या सुमाराला, ते नाव जखमींना नेणाऱ्या गाडीला दिलं. जर्मनमध्ये ‘आम्बुलांट’ उपचार म्हणजे भरती न होता घेतलेले. आणि ‘आम्बुलांट’ शुश्रूषा सेवेत तर नर्सच घरोघरी जाते. नोकरीचा करार वाचताना हा शब्द दिसला तर काम वॉर्डात आहे की लोकांच्या घरी, हे त्यावरून कळतं.

‘रेत्सेप्ट’ही लक्षात असू द्या: डॉक्टरांची चिठ्ठी आणि पदार्थाची कृती, दोन्ही. इंग्रजी ‘रिसीट’ त्याचीच बहीण, तिचा धातू ‘घेणं, मिळणं’. आपली ‘पावती’ ‘पावणे’वरून आली, तशीच.

कोश कुठले? जर्मनसाठी बर्लिनच्या अकादमीचा डी-डब्ल्यू-डी-एस हा कोश जालावर मोफत आहे. रोज तोच उघडा. खोलात जायचं तर ग्रिम बंधूंचा महाकोश. त्याचा पहिला खंड 1854 साली आला आणि तो पूर्ण झाला 1961 मध्ये. याकोब ग्रिम ‘फ्रुख्ट’ या नोंदीवर काम करत असताना वारले, त्यामुळे ‘गिफ्ट’ची नोंद पुढच्या पिढ्यांनी लिहिलेली आहे. स्वीडिशसाठी स्वीडिश अकादमीचा कोश, तो 2023 मध्ये पुरा झाला. नोंदीत ए-एच-डी ही अक्षरं दिसली तर ती जुनी उच्च जर्मन, साधारण 1050 पर्यंतची. एम-एच-डी म्हणजे त्यानंतरची, 1350 पर्यंतची. शब्दाआधी तारा असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलनेवरून बांधलेलं आहे. सर्वांत आधीचा दाखला कोणत्या सालचा हे नेहमी बघा. साल आणि दाखला नसलेली व्युत्पत्ती, कितीही गोड असली, तरी वहीत घेऊ नका.

सरावाला ‘रोक’ घ्या. पोलिश आणि चेकमध्ये वर्ष, क्रोएशियनमध्ये मुदत, रशियनमध्ये नियती. धातू ‘बोलणं’ या अर्थाचा आहे, एवढं सांगते. मधला अर्थ तुम्ही शोधा, आणि अडलात तर ‘आमची तशी बोली झाली होती’ या वाक्यातल्या ‘बोली’चा अर्थ लावून बघा. डच ‘रोक’ आणि जर्मन ‘रॉक’ म्हणजे स्कर्ट, स्वीडिश ‘रॉक’ म्हणजे कोट. ही मंडळी त्या घरातली नाहीत. त्यांच्यासाठी वहीत वेगळं पान करा.