बारा व्होल्टचा माग: गाडीतील विजेचा बिघाड मोजून कसा शोधावा

गाडी सकाळी सुरू होत नाही, हेडलाइट पिवळट पडतात, दाराची काच अर्ध्यावर येऊन रेंगाळते किंवा डॅशबोर्डवर एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार इशारे एकदम उजळतात, तेव्हा बहुतेक ठिकाणी पहिला ठपका बॅटरीवर येतो. बॅटरी बदलली जाते, चार दिवस बरे जातात आणि तीच तक्रार पुन्हा उभी राहते. आमच्या गाडीच्या बाबतीत नेमके हेच घडले. नवी बॅटरी बसवल्यावर महिन्याभरात एका गॅरेजने अल्टरनेटरही (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारे जनित्र) बदलायला सांगितला. प्रत्यक्षात दोष होता इंजिनपासून चासीपर्यंत (गाडीच्या सांगाड्यापर्यंत) जाणाऱ्या, वीतभर लांबीच्या अर्थिंगच्या, म्हणजे प्रवाह बॅटरीच्या ऋण बाजूला परत नेणाऱ्या, पट्टीत. ती पट्टी बाहेरून धडधाकट दिसत होती, पण तिच्या टोकाच्या लगमध्ये (बोल्टने आवळायच्या धातूच्या कडीत) हिरवा कळंक साचला होता. तिची किंमत बॅटरीच्या मानाने नगण्य होती, आणि साध्या मल्टिमीटरने (व्होल्टेज, प्रवाह आणि रोध मोजणाऱ्या मीटरने) तो दोष पाच मिनिटांत सापडला असता.

म्हणून एक गोष्ट आधी पक्की लक्षात घ्यावी. बॅटरीत व्होल्टेज किती आहे, एवढ्याने प्रश्न सुटत नाही. प्रवाह वाहत असताना ते वाटेत कुठे खर्ची पडते, हे शोधावे लागते.

कामाला हात घालण्यापूर्वी थोडी काळजी घ्यावी. अंगठी, कडे, धातूचा पट्टा असलेले घड्याळ काढून ठेवावे. बॅटरी सोडताना आधी ऋण टर्मिनल (बॅटरीच्या खुंटावर आवळलेली केबलची पकड) सोडावा आणि जोडताना तो शेवटी जोडावा, कारण धन टर्मिनल सोडताना पाना चुकून बॉडीला लागला आणि ऋण बाजू जोडलेलीच असली, तर पान्यातून शेकडो अँपिअरचा प्रवाह जाऊ शकतो. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, त्यामुळे जवळ ठिणगी किंवा ज्योत नसावी. पिवळे कपलर (वायरी जोडणारे प्लग) आणि पिवळे आवरण असलेल्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर कधीही लावू नये. हायब्रिड आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील नारिंगी केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांचा या लेखातील कामाशी काही संबंध नाही, त्यामुळे त्यांना हात लावू नये.

बॅटरी आणि चार्जिंग: पहिली तीन मापे

गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, चावी न लावता, बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंटांवर मीटर लावावा. पूर्ण चार्ज असलेली साधी लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ व्होल्ट म्हणजे जेमतेम पाव भरलेली. गाडी नुकतीच चालवून आणली असेल, तर हा आकडा फसवा असतो. अशा वेळी हेडलाइट दोन मिनिटे लावून बंद करावेत आणि थोड्या वेळाने मोजावे. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर पुढची कोणतीही चाचणी करू नये. आधी ती चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी.

दुसरे माप सेल्फ मारताना घ्यायचे. गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा. दुसऱ्या माणसाने चावी फिरवावी आणि आपण मीटरकडे पाहावे. उबदार हवेत हे व्होल्टेज ९.६ च्या खाली जायला नको. पूर्ण चार्ज असूनही ते आठ-साडेआठवर कोसळत असेल, तर बॅटरी खरोखर संपली आहे किंवा स्टार्टर (सेल्फची मोटर) प्रमाणाबाहेर प्रवाह ओढत आहे. उलट बॅटरीवर अकरा व्होल्ट टिकून आहेत आणि तरीही सेल्फ मरगळून फिरतो, तर बॅटरीला दोष देऊ नये. व्होल्टेज वाटेत अडते आहे किंवा स्टार्टरमध्येच दोष आहे.

तिसरे माप इंजिन चालू असताना. साधारणपणे १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत, आणि हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर हे सगळे लावूनही ते १३.५ च्या आसपास टिकावेत. अलीकडच्या अनेक गाड्यांत अल्टरनेटरचे व्होल्टेज गाडीतला संगणक ठरवतो. तिथे ते काही काळ १२.५ पर्यंत उतरते आणि काही काळ पंधराच्या जवळ जाते, म्हणून एका क्षणाच्या आकड्यावरून अल्टरनेटर बाद ठरवू नये. मीटर एसी व्होल्टवर फिरवून त्याच दोन खुंटांवर पाहावे. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अल्टरनेटरमधला डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेल्याचा संशय घ्यावा. असा डायोड गाडी बंद असतानाही बॅटरी हळूहळू पिऊ शकतो.

ओहमवर विश्वास का ठेवू नये

वायर ठीक आहे का हे पाहण्यासाठी बहुतेक जण मीटर ओहमवर किंवा बीपवर लावतात. तुटलेली वायर त्याने सापडते, पण अशक्त वायर सापडत नाही. तीस तारांच्या वायरीतील एकोणतीस तारा कुजल्या आणि एकच उरली, तरी मीटर बीप देतो, कारण तो तपासताना अगदी नगण्य प्रवाह सोडतो. आमच्या गाडीत सेल्फ मारताना इंजिनचा ब्लॉक आणि बॅटरीचा ऋण खुंट यांच्यात १.४ व्होल्ट दिसत होते. स्टार्टरचा प्रवाह १४० अँपिअर धरला, तर त्या जोडाचा रोध होतो एका ओहमचा शंभरावा भाग. मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध याच्या कितीतरी पट असतो. तो मीटर हा दोष ओहमवर दाखवणार तरी कसा? पण बारा व्होल्टांतील दीड व्होल्ट गमावणाऱ्या स्टार्टरला तो पुरेपूर जाणवतो.

यावर उपाय म्हणजे व्होल्टेजची घट मोजणे, आणि माझ्या मते या साऱ्या कामाचा गाभा हाच आहे. वायर सोडायची नाही, कपलर काढायचा नाही. मंडल (सर्किट) जसे आहे तसे चालू ठेवून, ज्या तुकड्याचा संशय आहे त्याच्या दोन टोकांना मीटर लावायचा. निर्दोष वायरीच्या दोन टोकांत जवळजवळ काहीच फरक नसतो, त्यामुळे मीटर शून्याच्या आसपास राहतो. जिथे रोध आहे तिथे त्या प्रमाणात व्होल्ट दिसतात. प्रवाह वाहत नसेल, तर ही चाचणी निरर्थक आहे, कारण तेव्हा कुजलेला जोडही शून्यच दाखवतो.

सुरुवात अर्थिंगपासून करावी. मीटरची काळी वायर बॅटरीच्या ऋण खुंटावर टेकवावी. टर्मिनलवर नव्हे, खुद्द शिशाच्या खुंटावर, म्हणजे त्या दोहोंमधला जोडही मोजला जातो. तांबडी वायर इंजिनच्या ब्लॉकवर रंग नसलेल्या धातूला लावून सेल्फ मारावा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थिंग खराब आहे. मग तांबडी वायर बॉडीच्या उघड्या धातूवर लावून हेडलाइट आणि ब्लोअर पूर्ण चालू करावेत. इथे ०.१ किंवा फार तर ०.२ व्होल्ट चालतील. धन बाजूला बॅटरीच्या धन खुंटापासून स्टार्टरच्या जाड टर्मिनलपर्यंत मोजावे. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपर्यंतची घट ठीक समजतात. इंजिन चालू ठेवून, दिवे-पंखे लावून, अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलपासून बॅटरीच्या धन खुंटापर्यंतही ०.३ व्होल्टच्या आतच घट असावी. फिरत्या पट्ट्यापासून हात, ओढणी आणि मीटरच्या वायरी दूर ठेवाव्यात.

घट जास्त निघाली की तोच रस्ता तुकडे पाडून मोजावा: खुंट ते टर्मिनल, टर्मिनल ते केबल, केबल ते लग, लग ते बॉडी. ज्या तुकड्यात आकडा उडी मारतो, तिथे दोष असतो.

दिव्यांच्या बाबतीत हीच रीत उपयोगी पडते. समजा बॅटरीवर १२.४ व्होल्ट आहेत आणि जळत्या हेडलाइटच्या कपलरमध्ये मागून मीटर लावल्यावर १०.९ मिळतात. दीड व्होल्ट हरवले आहेत. धन बाजूची घट ०.१ निघाली, तर उरलेली १.४ ची घट अर्थिंगकडे आहे हे उघड होते, आणि मग स्विच, रिले (विजेने चालणारा स्विच), फ्यूज यांच्या मागे लागण्याचे कारण उरत नाही. हॅलोजन बल्बच्या बाबतीत ही घट फार महाग पडते. व्होल्टेज दहा टक्के कमी झाले की त्याचा प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, त्यामुळे घाटातल्या रस्त्यावर रात्री हा फरक सुरक्षिततेचा प्रश्न होतो.

खराब अर्थिंगच्या काही खुणा मीटर हातात घेण्याआधीच दिसतात. इंडिकेटर लावला की त्याच बाजूचा ब्रेकचा दिवा मंद लुकलुकतो, म्हणजे मागच्या दिव्याचा अर्थ तुटला आहे आणि प्रवाह शेजारच्या बल्बमधून वाट काढतो आहे. सेल्फ मारताना क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम होते, म्हणजे इंजिनची अर्थिंग पट्टी काम करत नाही आणि स्टार्टरचा प्रवाह त्या केबलवाटे परततो आहे. एबीएस, स्टिअरिंग आणि इतर प्रणालींचे इशारे एकदम लागले, तर त्या सगळ्या एकाच वेळी बिघडण्याची शक्यता फारच कमी असते. व्होल्टेज क्षणभर कोसळल्याने त्यांचे संगणक गोंधळतात. संगणकातील बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर ‘पी ०५६२’ हा कोड आला, तर त्याचा अर्थच व्यवस्थेतील व्होल्टेज कमी आहे असा होतो. त्याच्या जोडीला ‘यू’ने सुरू होणारे संपर्क तुटल्याचे कोड असतील, तर संगणक बदलण्याचा विचार करण्यापूर्वी बॅटरी आणि अर्थिंग तपासावी.

रात्रीत बॅटरी उतरते तेव्हा

बंद गाडीही घड्याळ, अलार्म आणि संगणकांच्या स्मृतीसाठी थोडा प्रवाह घेते. तो ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. लहान गाडीत ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते असे धरू. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, हे तिला आठवडा-दोन आठवडे सहज पेलते. पण गळती ३०० मिलिअँपिअर असेल, तर दिवसाला सात अँपिअर-तासांहून अधिक जातात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सेल्फ फिरणे अवघड होते.

हे मोजण्यासाठी मीटरची तांबडी वायर त्याच्या १० अँपिअरच्या छिद्रात घालून मीटर ऋण खुंट आणि ऋण टर्मिनल यांच्यामध्ये जोडावा. आधी मीटरच्या दोन्ही वायरी चिमट्यांनी दोन्ही ठिकाणी पक्क्या कराव्यात आणि मगच टर्मिनल खुंटावरून अलगद उचलावा, म्हणजे पुरवठा खंडित होत नाही आणि संगणक पुन्हा जागे होत नाहीत. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये आणि हेडलाइटही लावू नयेत, नाहीतर मीटरमधला फ्यूज उडतो. दार उघडे ठेवायचे असेल, तर त्याचे कुलूप स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून ठेवावे. बिनचावीची गाडी असल्यास रिमोट दूर नेऊन ठेवावा. मग गाडीतले संगणक झोपी जाईपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबावे. हे थांबणे अनेकांना जमत नाही आणि जागे असलेल्या संगणकांच्या प्रवाहालाच ते गळती समजतात.

गळती खरोखर असेल, तर एकेक फ्यूज उपटून पाहण्याची पद्धत सर्रास चालते, पण फ्यूज परत बसवताना झोपलेला संगणक जागा होतो आणि सगळा वेळ वाया जातो. त्याऐवजी मीटर मिलिव्होल्टवर लावून प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर टेकवावा. फ्यूजमधून प्रवाह जात नसेल, तर शून्य दिसते. जात असेल, तर दशांश का होईना, आकडा दिसतो. १० अँपिअरच्या फ्यूजवर १०० मिलिअँपिअरला तो अर्ध्या ते एक मिलिव्होल्टच्या आसपास असतो. गळतीची वाट सापडली की त्या फ्यूजवर काय काय चालते हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. अनुभव असा की कारण बहुधा बाहेरून बसवलेल्या वस्तूत सापडते: म्युझिक सिस्टीम, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, जादा हॉर्न, किंवा मूळ वायर सोलून, नुसता पीळ देऊन वर टेप गुंडाळलेला एखादा जोड. त्यानंतर डिकीतला दिवा आणि चिकटून बसलेला रिले पाहावा.

कधी येतो, कधी जातो असा दोष

हा प्रकार सर्वांत चिवट. मंडल चालू ठेवून, मीटरवर किमान-कमाल नोंदवण्याची सोय असल्यास ती लावून, वायरींचा जुडगा ठिकठिकाणी हलवून पाहावा. दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत वायरी सतत वाकून तुटतात. तिथे आवरण शाबूत असते आणि आतली तार तुटलेली असते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळा संपल्यावर कपलरच्या पिना उघडून बघाव्यात, आणि गाडी बरेच दिवस उभी असेल, तर बॉनेटखाली उंदरांनी कुरतडलेले आवरण शोधावे. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नये. निळा १५ चा आणि पिवळा २० चा असतो, आणि १५ च्या जागी २० चा घातला, तर फ्यूज वाचतो पण वायर जळते.

दुरुस्ती करताना अर्थिंगचा बोल्ट नुसता आवळू नये. तो पूर्ण काढून लगची दोन्ही अंगे आणि बॉडीची जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावी. लगच्या आत कळंक शिरला असेल, तर तेवढा भाग कापून नवा लग दाबून बसवावा. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. पेट्रोलियम जेली जोड घट्ट आवळल्यानंतर वरून लावावी. शेवटी मीटर पुन्हा त्याच दोन जागी, त्याच भाराखाली लावावा. आमच्या गाडीत १.४ च्या जागी ०.०८ आले, आणि हे दोन्ही आकडे मी तारखेसह गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत लिहून ठेवले आहेत.