भिंतीवरचा फोटो मोबाईलवर निवडू नका, मी निवडला होता

रॉ म्हणजे काय, ट्रायपॉड कशाला लागतो हे तुम्हाला माहीत आहे असं धरूनच चालतो. निसर्गाचे फोटो प्रिंट करून लोकांच्या भिंतींसाठी द्यायचं जोडकाम ज्यांना सुरू करायचंय त्यांच्यासाठी लिहितोय, कारण माझ्या पहिल्या ऑर्डरच्या तीन फ्रेमा अजून आमच्या माळ्यावर चादरीत गुंडाळून पडल्यात आणि दर दिवाळीच्या साफसफाईला बायको विचारते, ह्यांचं काय करायचं.

ऑर्डर होती एका दाताच्या दवाखान्याची, वेटिंग रूमसाठी. मेन फोटो मी कोकणकड्याचा निवडला. सप्टेंबरात पाचनईकडून हरिश्चंद्रगडावर गेलेलो, रात्रभर पाऊस, अंगावरचं सगळं ओलं, आणि पहाटे जेमतेम दहा मिनिटं ढग फाटले तेव्हा काळ्या कड्याच्या पोटाखालून ढग वर येताना मिळाले. मोबाईलवर ज्याला दाखवला तो वा म्हणाला. 36 बाय 24 इंचाचा काढला, काच लावून फ्रेम केला, स्वतः खिळा ठोकून लावला. मागे सरकून बघतो तर कडा गायब, नुसतं डांबर. आणि समोरच्या काचेच्या दारातून येणारा उजेड फ्रेमच्या काचेवर पडून कड्यापेक्षा बाहेर लावलेल्या ॲक्टिव्हा जास्त स्पष्ट दिसत होत्या. डॉक्टर सज्जन माणूस, हळूच म्हणाले, "पेशंट आधीच घाबरलेला असतो हो."

हे का झालं ते नीट समजून घ्या, कंटाळा आला तरी. स्क्रीन स्वतः उजेड फेकते. कागद फेकत नाही, खोलीत जेवढा उजेड आहे त्यातलाच थोडा परत देतो. आपण फोटो बघतो फुल ब्राइटनेसला, त्यात कड्यावरचं गवत, खाचा, ओला दगड सगळं उजळून दिसतं, आणि एडिट करताना वाटतं अजून थोडा डार्क केला तर मूड येईल. तोच फोटो एका ट्यूबलाइटच्या खोलीत गेला की शॅडोमधलं सगळं एकमेकांत मिसळून काळं होतं. लॅबवाल्याची चूक नसते यात, मी त्या दिवशी त्याच्याशी भांडून आलो होतो, उगाच.

उपाय साधा आहे. मॉनिटरशेजारी कोरा पांढरा कागद धरा आणि स्क्रीनवरचा पांढरा त्या कागदाइतकाच दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. मग फोटो बघा. बराच काळोख वाटेल, तोच खरा. मग टेस्ट प्रिंट, आणि इथेच लोक कंजूषपणा करतात: अख्खा फोटो लहान करून काढतात आणि खूश होतात. तसं नाही, फायनल साइझमधला सगळ्यात काळा तुकडा कापून 8 बाय 10 चा काढा, त्याच कागदावर. तो ज्या भिंतीवर लावायचाय त्याच भिंतीवर टेपने चिकटवा, सकाळी बघा, रात्री दिवे लावून बघा. मोठ्या प्रिंटच्या तुलनेत खर्च किरकोळ. काचेसमोर खिडकी किंवा दार येत असेल तर साध्या काचेऐवजी नॉन-ग्लेअर काच नाहीतर मॅट कागद घ्या.

प्रीसेट, म्हणजे एका क्लिकला लागणारी तयार एडिट सेटिंग, विकणाऱ्या गुरूंच्या नादी लागू नका, मी लागलो होतो. त्यांचे सगळे फोटो फोनसाठी शिजवलेले असतात. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते आमच्या फ्रेमवाल्या काकांनी, ज्यांनी आयुष्यात कॅमेरा धरला नसेल. फोटो हातात न घेताच विचारतात, "भिंत कुठली? माणूस बसतो कुठं?"

साइझची भीती मात्र बाळगू नका. 24 मेगापिक्सेलच्या 6000 बाय 4000 फाइलमधून 36 इंचाला 166 डीपीआय, म्हणजे दर इंचाला 166 ठिपके पडतात, सहा फुटांवरून कोणाला काही कळत नाही. फक्त आधी क्रॉप करून अर्धी फाइल फेकली असेल तर गणित बिघडतं. आणि गिऱ्हाईक 20 बाय 16 ची फ्रेम आधीच घेऊन बसलं असेल तर 16 इंच उंचीला आपला फोटो 24 इंच रुंद होतो, त्यातली 4 इंच जाणार, माझ्या भिगवणच्या फ्लेमिंगोंच्या रांगेतला शेवटचा तसाच मानेपासून गेला.

अजून एक, जरा झोंबेल. फोटोसाठी किती चढलात हे भिंतीला कळत नाही. कोकणकडा मी निवडला कारण माझे पाय दुखले होते. आठ पायांच्या कोळ्याचा तो मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढलेला फोटो, निवडला कारण दोन तास चिखलात पालथा पडलो होतो, आणि आत्याने डायनिंगला त्याच्याकडे पाठ करून जेवायला सुरुवात केली.

दवाखान्यात शेवटी लावला तो आंबोलीचा, धुक्यातली चार झाडं, जवळजवळ सगळा राखाडी-पांढरा, मी रिजेक्टमध्ये टाकलेला. कमी उजेडातही नीट दिसतो कारण मुळात त्यात काळं असं फार नाहीच. इन्स्टावर त्याला अकरा लाईक होते, त्यातला एक माझा. पेशंट नंबर येईपर्यंत त्याच्याकडेच बघत बसतात म्हणे. परवा डॉक्टरांनी एक्स-रेच्या खोलीसाठी अजून एक मागितलाय, भिंत बघून आलो, खालून ओल चढलीये. आधी ती बघा म्हटलं, फोटोचं दिवाळीनंतर बोलू.