आक्रमक जलप्रजातींच्या निधीवर सूचना देताय? या चुका टाळा

परक्या वनस्पती, शिंपले, मासे तलावात घुसू नयेत म्हणून निधी मंजूर झाला, की स्थानिकांकडून हरकती-सूचना मागवतात. लोक पानंच्या पानं लिहितात आणि शेरा पडतो, ‘नोंद घेतली’. दर वेळी यात अधिकाऱ्यांची टाळाटाळच असते असं नाही. पुष्कळदा सूचनाच अशी असते, की तिच्यापुढे खर्चाचा आकडा मांडता येत नाही.

प्रतिबंधाचे पैसे सफाईला मागणं

ही सगळ्यात मोठी चूक. पाणी हिरवंगार झालेलं दिसलं की पहिली मागणी यंत्राची. पण सांडपाण्याचं खत मिळालेली जलपर्णी एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचं बी गाळात पंधरा-वीस वर्षं टिकतं. काढणीला अंतच नसतो. ती करू नका असं नाही, पण तिचा खर्च वेगळ्या तरतुदीतून मागा.

उशीर झाला की काय होतं, ते झेब्रा शिंपल्याने दाखवलं. काळा समुद्र आणि कॅस्पियनच्या भागातला हा नखाएवढा जीव. १९८८ मध्ये तो अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या सेंट क्लेअर सरोवरात सापडला. तिथवर तो बहुधा जहाजांनी तोल राखायला भरलेल्या पाण्यातून आला असावा. पुढे काही वर्षांतच तो महासरोवरांमधून मिसिसिपी नदीपर्यंत पोहोचला. आजही तिथे पाण्याचे नळ खरवडत बसावं लागतं.

तलावाबद्दल लिहिणं, दाराबद्दल न लिहिणं

‘आमचा तलाव वाचवा’ यावर कोणी काय करणार? त्याऐवजी परके जीव ज्या दारातून आत येतात, त्याबद्दल असं लिहा: ‘पश्चिमेच्या उतारावर रविवारी पहाटे पाच ते आठ या वेळात बाहेरगावच्या होड्या ट्रेलरवरून उतरतात. तपासनीस दहाला येतो.’ ही दोन वाक्यं कुठल्याही निवेदनाला भारी आहेत, कारण त्यांतून कामाची पाळी ठरते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने २०१४ मध्ये जिल्ह्यांना असा निधी द्यायचा कायदा केला. त्यात वाटपाचं माप तलावाचं क्षेत्रफळ नव्हतं. होड्या उतरवायचे उतार किती आणि ट्रेलर लावायच्या जागा किती, यावर जिल्ह्याचा वाटा ठरवला. म्हणजे हिशोब दारांचाच. तुमच्याकडे वाटपाचं सूत्र काय आहे, ते आधी विचारून घ्या आणि सूचना त्याच भाषेत लिहा.

फलकावर समाधान मानणं

‘होडी धुवा, पाणी काढा, वाळवा’ हे खरंच आहे, पण धुवायची कुठे? झेब्रा शिंपल्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. होडीच्या तळाशी उरलेल्या तांब्याभर पाण्यातूनही ती प्रवास करतात. साठ अंशांच्या आसपास तापवलेलं पाणी शिंपल्यांना मारतं. म्हणून फलकाबरोबर गरम पाण्याचा फवारा मागा, तो चालवणाऱ्या माणसाचा पगार मागा आणि धुतलेलं पाणी तलावात परत जाणार नाही असा निचरा मागा. निचरा हटकून विसरला जातो. मग धुलाई केंद्रच रोगाचं केंद्र होतं. नांगराचा दोर, ओली जाळी आणि गमबुटांचे तळवे यांचंही नाव घ्या.

तातडीची रक्कम न मागणं

ऑस्ट्रेलियात डार्विन शहरातल्या होड्यांच्या धक्क्यांमध्ये १९९९ मध्ये काळ्या पट्ट्यांचा शिंपला सापडला. धक्के लगेच बंद करून क्लोरीन आणि मोरचूद ओतलं, आणि काही आठवड्यांत तो संपवला. कॅलिफोर्नियाच्या एका खाडीत २००० साली कॉलर्पा हे शेवाळ सापडलं. सतराव्या दिवशी ताडपत्र्या अंथरून उपाय सुरू झाले. तरी ते संपल्याचं जाहीर व्हायला २००६ उजाडलं आणि सत्तर लाख डॉलरांहून अधिक खर्च झाला. निविदा निघेपर्यंत थांबले असते, तर तेवढ्यात भागलं नसतं. निधीचा एक हिस्सा लगेच हात घालता येईल असा राखून ठेवा, ही मागणी स्पष्ट लिहा.

ओळख न पटवता बोंब ठोकणं

प्रत्येक पाणवनस्पती परकी नसते. देशी वनस्पतींत मासे अंडी घालतात, आणि घाईच्या तक्रारीने त्यांच्यावरच तणनाशक पडतं. पान, फूल, शेजारी मापाला नाणं असा फोटो आणि नेमकी जागा द्या. (नमुना बादलीतून सभेला आणायचा आणि परतताना बादली बाहेरच्या ओढ्यात उपडी करायची, हा पराक्रम मात्र करू नका.)

सभेची वेळही बघा. सकाळी अकराला तळ्याकाठचे बंगलेवाले येतात. कुठली होडी कुठून आली हे ठाऊक असलेले मासेमार येत नाहीत.

सूचना देऊनही काहीच हललं नाही तर

आधी इतिवृत्तात ती आली आहे का ते बघा. नसेल तर लेखी पोच घेऊन पुन्हा द्या. असेल, तर तपासणीची नोंदवही मागा. कोणत्या वेळी किती होड्या तपासल्या आणि कितींवर वनस्पती किंवा शिंपले निघाले, एवढंच पुरे. तपासलेल्या होड्यांच्या रकान्यात तासन्‌तास शून्य दिसलं, तर तलाव सुरक्षित आहे असं धरू नका. ती वही आणि तुमची पहाटेची नोंद शेजारी-शेजारी जोडून पुढच्या सूचनेला लावा.