मालव्याच्या काळ्या मातीत हरणांसाठी चाऱ्याचा तुकडा

अमेरिकेत शिकारीच्या जमिनीवर हरणं यावीत म्हणून क्लोव्हर, सलगम असली पिकं लावतात, आणि तिथली पहिली सूचना असते: आधी चुना टाका. इंदूरच्या आसपास हे करू नका. तिकडची बरीच माती आम्ल असते. आपली काळी माती मुळातच चुनखडीची, सामू (pH) बहुतेक साडेसातच्या पुढे; वर चुना पडला की स्फुरद आणि जस्त पिकाला आणखी कमी लागू होतं. शिकारीचा प्रश्नच नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे. महू, मानपूर, चोरलकडे जंगलाला लागून शेत असेल आणि चितळ, नीलगाय शांतपणे बघायची असेल, तर हा तुकडा करावा.

एक अट मात्र आधी. शेजाऱ्याचा हरभरा किंवा गहू लागूनच असेल तर करूच नका. रोजडे, म्हणजे नीलगायी, तुमच्याकडे येतील आणि नुकसान त्याचं होईल. जागा जंगलाच्या कडेची, झुडपांचा आडोसा असलेली, रस्त्यापासून लांब हवी. पाव एकरापेक्षा लहान तुकडा आठवड्यात साफ होतो.

पावसाळ्यात जंगलात भरपूर खायला असतं, तेव्हा पेरून उपयोग नाही. खरी चणचण गहू निघाल्यावर सुरू होते, म्हणून पाण्याची सोय असलेलीच जागा निवडा. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बरसीम (क्लोव्हरच्याच कुळातला हिवाळी चारा) आणि ओट एकत्र घ्या. पाव एकराला बरसीम २ किलो, ओट ५ किलो, आणि सुरुवातीला लवकर पाला मिळावा म्हणून मोहरी १५० ग्रॅम. नांगरताना सिंगल सुपर फॉस्फेटची ५० किलोची एक गोणी मातीत मिसळा. युरिया जास्त झाला तर ओटात नायट्रेट साठतं आणि ते खाणाऱ्या जनावराला बाधतं, म्हणून तो टाळलेला बरा.

बरसीमच्या बियात कासनीचं तण मिसळलेलं असतं. १० लिटर पाण्यात १ किलो मीठ विरघळवून बी टाका. कासनी वर तरंगते, ती काढून फेका. खाली बसलेलं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, गुळाच्या पाण्यात बरसीमचं रायझोबियम कालवून चोळा आणि सावलीत सुकवा. हे टाळू नका: जिथे पूर्वी बरसीम झालं नाही, तिथल्या मातीत हा जिवाणू नसतो आणि रोपं पिवळी पडून खुंटतात. ओट आधी ओळीत पेरा, मग वाफ्यात हलकं पाणी भरून बरसीम वरून फेका. पुढचं पाणी ५-६ दिवसांनी, नंतर दर १०-१२ दिवसांनी.

पहिले ४५-५० दिवस तुकड्याभोवती हिरवी जाळी लावा. रोजडा अडलाच असं नाही, पण कोवळी रोपं मुळासकट उपटली जाणं कमी होतं. विजेची तार चुकूनही नाही. त्यात माणूसही मरतो. जाळी काढल्यावर मध्ये १ बाय १ मीटरचा तारेचा पिंजरा ठेवा. आतला आणि बाहेरचा चारा शेजारी-शेजारी दिसला की किती खाल्लं ते कळतं.

कोणी खाल्लं हेही पाल्यावरून कळतं. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे देठ फाटल्यासारखा, रेषा निघालेला दिसतो. सशाने खाल्लेला देठ सुरीने तिरका कापल्यासारखा असतो. एकाच जागी लेंड्यांचा ढीग साचत गेला तर नीलगाय.

मार्चमध्ये मोकळ्या राहिलेल्या वाफ्यांत चवळी पेरा, पाव एकराला ४ किलो. ज्वारी मात्र घेऊ नका: कोवळ्या किंवा पाण्याअभावी सुकलेल्या ज्वारीत सायनाइड तयार होतं. कायमचं काही हवं असेल तर जुलैत मारवेल गवताचे मुळं असलेले ठोंब ५० बाय ५० सेंटीमीटरवर लावा, पाव एकराला साधारण ४,००० लागतील. कडेची बोर, बाभूळ, मोह तोडू नका. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं चितळ आवडीने खातात आणि पुढे उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा कामाला येतात.

तुकड्यात स्वतःच्या गाई-म्हशी चारू नका, लाळ्या-खुरकूत त्यांच्याकडून रानातल्या जनावरांत जातो. मीठ ठेवणं, हाताने चारा घालणं तर अजिबात नको: माणसाची भीती गेलेलं हरीण फासात सहज सापडतं. फास दिसला तर स्वतः न हलवता त्याचा फोटो घ्या आणि वनविभागाला कळवा.