घरच्या पार्टीला मागे कुठला पिक्चर लावायचा?

सगळ्यांचा पाठ असलेलाच लावा, म्हणजे १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' वगैरे, मधेच कोणी किचनमधून चिवडा घेऊन आलं तरी काय चाललंय ते लगेच कळतं आणि गप्पाही थांबत नाहीत. सस्पेन्स किंवा रडारडीचा नकोच, अर्धे लोक शूऽऽ करत बसतात आणि बाकीचे अवघडतात, मी हे बघितलंय. माझा सगळ्यात आवडता पर्याय म्हणजे कमल हासनचा 'पुष्पक' (१९८७), त्यात संवादच नाहीत, त्यामुळे टीव्ही म्यूट करून स्पीकरवर गाणी लावली तरी गोष्ट समजते! दुसरा कुठला पिक्चर लावलात तर सबटायटल्स मात्र बंद ठेवा, नाहीतर सगळे वाचतच बसतात. आणि लहान मुलं येणार असतील तर पिक्चर आधी एकदा बघून घ्या.