जुना ट्रक घेऊन नव्यानं बांधून काढताय? या चुका टाळा

गाडी बघायला पोचलात आणि इंजिन आधीच कोमट लागलं, तर विकणाऱ्याला विचारा, "सकाळी कुठं फिरवून आणली?" तो म्हणेल, बॅटरी चार्ज करत होतो. खरं म्हणजे थंड इंजिन त्याला तुमच्यासमोर चालू करायचं नसतं. चहा घ्या, उद्या येतो म्हणा आणि पहाटे न सांगता जा.

पण इंजिन ही पुढची गोष्ट. सगळ्यात महाग चूक त्याच्या आधीच होते.

कागदाचं वय न मोजणं

सोबत दोन मेकॅनिक घेऊन जाणारा माणूस आरसीवरची नोंदणीची तारीख मात्र ओझरती बघतो. सहाचाकी, म्हणजे दोन ॲक्सलच्या गाडीला नॅशनल परमिट, म्हणजे देशभर माल नेण्याचा परवाना, १२ वर्षांपर्यंतच मिळतं. दहाचाकी, बाराचाकी, ट्रेलर अशा मल्टीॲक्सल गाड्यांना १५ वर्षांपर्यंत. त्यापुढं गाडी राज्यातल्या राज्यात. फिटनेस, म्हणजे गाडीची सरकारी तपासणी, हीही पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा, मग दरवर्षी.

माझी पहिली दहाचाकी साडेअकरा वर्षांची होती. इंजिन, गिअरबॉक्स, मागचं हाउसिंग, सगळं बांधून काढलं. मनात हिशेब आठ वर्षांचा. घेतली तेव्हाच परमिटची साडेतीनच वर्षं उरली होती हे एजंटानं पुढच्या नूतनीकरणाला सांगितलं, तेव्हा लोखंड ठणठणीत होतं आणि मी गार पडलो होतो.

म्हणून बांधणीचा सगळा खर्च परमिटच्या उरलेल्या महिन्यांनी भागा. येईल तो आकडा कर्जाच्या हप्त्यात मिळवा आणि त्यात ड्रायव्हरचा पगारही धरा, तुम्ही स्वतः चालवत असलात तरी. चालक-मालक हा पगार धरतच नाही, आणि महिनाअखेर हातात उरलं त्याला नफा म्हणतो.

तुमचा रूट कोणता, हेही इथंच बघा. नाशिकहून कांदा, द्राक्षं घेऊन दिल्ली करायची असेल तर बीएस-३ (धुराच्या प्रदूषणाचा जुना निकष) गाडी घेऊ नका. १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ आणि त्याखालच्या मालगाड्यांना तिथं प्रवेश नाही. बीएस-४ ला मुभा आहे ती ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. २०१६ ची दहाचाकी परमिटला २०३१ पर्यंत चालेल, पण ती बीएस-३ असण्याचीच शक्यता जास्त. स्वस्त का मिळतेय ते कळलं?

"एनओसी आठवड्यात देतो"

हे वाक्य ऐकलं की व्यवहार तिथंच थांबवा. आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) आणि फायनान्सवाल्याची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, हातात येईपर्यंत बयाण्यापलीकडे रुपया देऊ नका. चालू कर्जाची गाडी नोटरीच्या कागदावर घेणारे पुष्कळ आहेत. हप्ते तुम्ही भरता, पण ज्याच्या नावावर कर्ज आहे त्यानं ते पुढं भरले नाहीत तर गाडी रस्त्यातून मालासकट ओढून नेली जाते. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी घ्या. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम जुन्या नावावर अडकतो. ई-चलनांची थकबाकी परिवहनच्या साइटवर गाडी नंबर टाकून आधीच बघावी.

फायनान्सवाल्यांच्या यार्डातली ओढून आणलेली गाडी स्वस्त पडते, हे खरं. पण ती "जशी आहे तशी" असते. बॅटऱ्या, स्टेपनी, कधी कधी चांगले टायरही आधीच गेलेले असतात. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सगळ्या टायरांची साल वेगवेगळी निघाली तर काय झालंय ते समजून जा.

रिकामी गाडी चालवून बघणं

रिकामी गाडी कुणाचीही पळते. माल भरून कसारा चढवा. चढाला काळा धूर आणि दम नाही, तर डिझेलचा पंप-नोझल किंवा टर्बो बिघडलाय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट. मग आयडलवर ऑइलचं झाकण काढून उलटं ठेवा. ते नाचायला लागलं किंवा उडालं, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर गेलेत.

चासीखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, झोपून बघायला लाजू नका. मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) ब्रॅकेटजवळ ताजा काळा रंग दिसला की नखानं खरवडा. खाली वेल्डिंग निघतं. चासी नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा. ट्रेलर घेत असाल तर घोड्याची (पुढच्या इंजिनाच्या गाडीची) आरसी वेगळी आणि मागच्या ट्रेलरची वेगळी, दोन्ही मागा.

बीएस-४ किंवा बीएस-६ गाडीत युरियाची (धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या द्रवाची) टाकी असेल तर ती चालू आहे का बघा. वर्षभर युरिया न टाकता "जुगाड" लावून चालवलेली गाडी घेतली, तर सेन्सर आणि डोझिंग पंपाचं बिल तुमच्या नावावर.

बांधताना होणारे घोटाळे

जुन्या लायनरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकून "अर्धं काम" करणं म्हणजे सहा महिन्यांत दुसऱ्यांदा पैसे देणं. इंजिन उघडल्यावर क्रँक किती साइझवर आहे, म्हणजे आधी किती घासलाय, ते विचारा: दहा, वीस की तीस. तीसवर असेल तर पुढच्या खेपेला क्रँकच नवा लागेल.

थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारी झडप) काढून टाकणारे मिस्त्री अजून आहेत. "आता गरमच होणार नाही," म्हणतात. होत नाही, खरंच. पण थंड चालणारं इंजिन डिझेल जास्त पितं आणि लायनर लवकर झिजवतं. गरम होण्याचं कारण रेडिएटर, फॅन, पाण्याचा पंप यांत शोधा. तसंच वेट लायनरच्या, म्हणजे लायनरला बाहेरून पाणी लागतं अशा, इंजिनात बोअरवेलचं पाणी नको, कूलंट घाला. नाहीतर लायनरला बाहेरून बारीक भोकं पडतात आणि एक दिवस ऑइलमध्ये पाणी दिसतं.

बांधून आलेलं इंजिन यार्डात तासन्‌तास आयडलवर ठेवू नका, आणि पहिल्याच खेपेला फुल लोडही नको. मध्यम माल, मध्यम वेग, आणि पहिलं ऑइल मिस्त्री सांगेल त्याच्याही आधी बदला.

ब्रेक, स्टिअरिंग, किंग पिन आधी, मग इंजिन, सगळ्यात शेवटी रंग. आमच्याकडे बरोबर उलटं होतं. आधी केबिनला रंग, मागं "आई-बाबांचा आशीर्वाद", मग ब्रेकच्या लायनिंगला पैसे कमी पडतात. फिटनेसच्या आदल्या आठवड्यात रंग मारा आणि रिफ्लेक्टर पट्ट्या लावा, तोवर गाडी जशी दिसते तशी दिसू द्या.